शिल्पा बिऱ्हाडेचा शब्द

शिल्पा बिऱ्हाडेला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. घासलेली भांडी पुन्हा घासते. गेल्या वर्षी तिच्या घरातली भांडी इतकी लखलखीत झाली, की नवरा युवराज म्हणाला, "आता यात बघून भांग पाडता येईल." ती हसली नाही. तिच्या जागी कोणीही हसलं नसतं. जे घडलं ते ऐकून माझीच तळपायाची आग मस्तकात जाते, मग तिचं काय झालं असेल!

धुळ्याच्या देवपूरमध्ये एका फायनान्स कंपनीची शाखा आहे. ट्रॅक्टर, मोटारसायकल, मालवाहू रिक्षा यांना कर्ज देणारी. पुढच्या बाजूला काचेचं दार, एसी, टाय लावून गोड बोलणारी मंडळी. आणि मागच्या खोलीत, जिथे एसीचा वारा पोचत नाही, तिथे खरं काम करणारी पाच माणसं. शिल्पा कर्जाचे कागद तपासायची. पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या बापाची ही मुलगी बी.कॉम. झाली, लग्न होऊन धुळ्यात आली, आणि लेक पाळण्यात होती तेव्हापासून याच खुर्चीत बसत होती. युवराज खाजगी कॉलेजात लॅब असिस्टंट. त्याचा पगार कधी व्हायचा, कधी नाही. घर चालायचं ते शिल्पाच्या पगारावर.

एका सोमवारी मुंबईच्या साहेबांनी स्क्रीनवर येऊन, हसतमुखाने, सांगितलं की मागच्या खोलीचं काम यापुढे इंदूरची एक एजन्सी बघणार. कोण राहणार, कोण जाणार, ते यथावकाश कळेल. तोवर प्रत्येकाने आपापलं काम एजन्सीच्या लोकांना व्हिडिओ कॉलवर शिकवायचं. याला कंपनीने 'नॉलेज ट्रान्सफर' असं भारदस्त नाव दिलं होतं. म्हणजे आपल्या पायावर धोंडा आपणच पाडायचा, आणि तो धोंडाही घरून आणायचा.

त्या दिवसापासून मागच्या खोलीची रया गेली. मॅनेजर हितेंद्र साहेबांनी कोणाला आत बोलावलं, की बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळे. तो माणूस बाहेर येऊन "काही नाही, स्टेपलर मागत होते" म्हणाला, तरी कोणाचा विश्वास बसत नसे. त्यांच्यातला नवीन नावाचा पोरगा अंगात ताप घेऊन कामावर येऊ लागला. मोनालीने भावाच्या हळदीलासुद्धा रजा टाकली नाही. झुलाल चहालाही खुर्चीवरून उठेना. माणसं एकमेकांच्या डब्यातलं खाईनाशी झाली.

त्यांच्यात वयाने मोठे पंडितभाऊ. फोनवरून हप्ते वसूल करणं त्यांचं काम, त्यामुळे आवाज मोठा आणि शब्दाला वजन. त्यांनीच तोड काढली. "बठ्ठासनी एकच बोली. कोणी शिकाडानं नही. आपण शिकाडंच नही तं त्या आपले काढतीन कशा?"

कोणीच काही शिकवायचं नाही, ही बोली पक्की करायला पंडितभाऊंनी सगळ्यांना पांझरेकाठच्या एकविरा देवीच्या देवळात नेलं. देवीसमोर भंडारा उचलला की माणूस फिरत नाही, हा त्यांचा हिशोब. चौघांनी भंडारा उचलला. शिल्पा सभामंडपाबाहेर उभी राहिली.

"भाऊ, आम्ही बौद्ध. देवाची शपथ आमच्या घरात घेत नाहीत," ती म्हणाली. "मी शब्द देते. शिकवणार नाही म्हणजे नाही."

पंडितभाऊंनी कपाळावरचा भंडारा पुसत तिच्याकडे पाहिलं. "शब्दले कोणना धाक शे?"

तिला ते लागलं. पण मोठा माणूस आहे, बोलून जातो, असं म्हणून तिने गिळलं. चूक केली. तिथेच सुनवायला हवं होतं.

मग एजन्सीचे फोन सुरू झाले. शिल्पाने कधी नेट बंद पाडलं, कधी आवाज येत नाही म्हणून सांगितलं, आणि शेवटी सरळ "मला जमणार नाही" असं म्हणून मोकळी झाली. हितेंद्र साहेबांनी आधी गोडीत, मग दमात घेतलं. घरी सासूबाई धास्तावल्या, युवराज म्हणाला, "बघ बाई, घर तुझ्यावर आहे." ते काय तिला माहीत नव्हतं? रात्र रात्र तिचा डोळा लागत नसे. पण चौघं खंबीर आहेत, मग आपणच कशाला फुटायचं, एवढ्या एका विचारावर ती सकाळी उठून कामाला जायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हितेंद्र साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. नवीन गेला, मोनाली गेली, झुलाल गेला, पंडितभाऊ गेले. चौघंही गळ्यातलं कार्ड जमा करूनच बाहेर आले. मोनाली जिन्यात बसून रडली. शिल्पा आपल्या पाळीची वाट पाहत बसली आणि तिला कोणी बोलावलंच नाही. अखेर ती आपणहून आत गेली.

"तुम्हाला कसं काढणार?" साहेब वैतागून म्हणाले. "तुमचं शिकवून झालंय कुठे? बाकी चौघांनी केव्हाच उरकलं. पंडितराव तर पहिल्याच आठवड्यात मोकळे झाले, घरून कॉल लावायचे. ज्यांचं शिकवून झालं, त्यांना ठेवून मी करू काय?"

शिल्पा उभीच राहिली. चौघंही! देवीसमोर उभे राहून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत शपथ घेतली आणि घरी जाऊन प्रत्येकाने गुपचूप मोबाइल उघडला. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे गप्प बसतील, आपण तेवढे शहाणे ठरू. कंपनीला चौघांनी फुकटात आपलं काम दिलं आणि कंपनीने त्यांना वाटेला लावलं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने कढई घासून घासून बोटं सोलून घेतली.

आणि खरा संताप पुढेच आहे. शाखेभर बोभाटा झाला, की फितूर कोण तर शिल्पा बिऱ्हाडे. नाही तर तीच कशी राहिली? पाचकंदीलजवळ भाजी घेताना पंडितभाऊ समोर आले. ती थांबली, विचारपूस करणार, तोच ते चारचौघांत म्हणाले, "तू शपथ लिधीच नव्हती. आम्हले तवयच समजाले पाहिजे व्हतं."

"भाऊ, मी शिकवलं नाही म्हणून राहिले. तुम्ही शिकवलं म्हणून गेलात."

"हाऊ कोणता न्याय?" ते हसले आणि भाजीवालीकडे पाहून म्हणाले, "देखा, काम न करनारले ठेवतस आन करनारले काढतस!"

भाजीवालीही हसली. खरं ते इतकं वेडंवाकडं होतं, की खोटंच वाटत होतं. शिल्पाची मेथी तिथेच राहिली.

दिवाळीनंतर एजन्सीने इंदूरहून शिकणं सोडलं आणि धुळ्यातच एक माणूस नेमला. त्याला शेजारी बसवून शिल्पाचं काम शिकवायचं, हा शेवटचा इशारा होता. सकाळी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि एजन्सीचं नवं कोरं कार्ड गळ्यात घालून पंडितभाऊ आत आले. अर्ध्या पगारावर.

ते खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले.

"शिकाडी दे, शिल्पा," ते म्हणाले. "तू शब्द दिधा व्हता ना? जाय, मी तुले तो परत देस. नही शिकाडं तं या माले बी काढतीन."

तिला कीव आली आणि कीव आली म्हणून अधिकच राग आला. हा माणूस तिचा शब्द तिला परत करणार! ज्याने स्वतःचा आठवडाभरसुद्धा ठेवला नाही! आणि हितेंद्र साहेब काचेआडून बघत होते. मुंबईचे साहेब तर बघतही नव्हते. त्यांना पंडित कोण, शिल्पा कोण, काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी एकाच खोलीतल्या दोन माणसांना एकमेकांच्या पोटावर उभं केलं होतं आणि ते जेवायला गेले होते.

"नाही शिकवणार," ती म्हणाली. खोलीबाहेर ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली. "भाऊ, तुम्हाला नाही, इंदूरला नाही, कोणालाच नाही."

हितेंद्र साहेब बाहेर आले. "मग आजचा दिवस शेवटचा, मॅडम."

"आजचा कशाला? आत्ताचा."

तिने पर्स उचलली, कार्ड काढून टेबलावर ठेवलं. घरी जाऊन युवराजला काय सांगायचं, लेकीच्या क्लासचं काय, काही सुचत नव्हतं. ती जिन्यापर्यंत गेली तोच मागून पंडितभाऊंच्या चपला वाजल्या. ते धापा टाकत आले होते, डोळ्यांत पाणी होतं. ती थांबली. 'आमनं चुकनं' एवढे दोन शब्द त्यांनी म्हटले असते, तर ती मागे फिरून त्यांना सगळं शिकवणार होती, अगदी तेव्हाही.

"शिल्पा," ते म्हणाले, "तुना कॉम्प्युटरना पासवर्ड तं सांगी जाय."

ती जिना उतरली.