भाव पाडणारी प्रार्थना

“ऐकाचं असन त बसा, नाई त उभ्यानं ऐका. पन बैल सांभाळा!”

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या सुटायच्या, तिथल्या कडुलिंबाखाली उभं राहून ते असं म्हणत आणि मग पुस्तक उघडत. त्याआधी पागोटं काढून काखेत धरत. इंग्रज पाद्री प्रार्थनेला टोपी काढतो, म्हणून हे पागोटं काढत. पण खाली ठेवण्याची सोय नव्हती. एकदा ठेवलं होतं, तर बैलाने त्याचा पदर चघळला होता.

गाव त्यांना पाद्रीबुवा म्हणे. खरं तर ते पाद्री नव्हते, नुसते उपदेशक. जातीचे कुणबी, इथल्याच काळ्या मातीतले. तरुणपणी नाशिककडे गेले, तिथे ख्रिस्ती झाले आणि शिकून परत आले. खरे पाद्रीसाहेब वर्षातून एकदा येत. उरलेलं वर्षभर अकोल्यातली अँग्लिकन मंडळी म्हणजे हे, यांची बायको, आणखी दोन-तीन घरं आणि ओसरीला टांगलेली एक पितळी घंटा.

मी शाळेतला पंतोजी, पुण्याकडून नवा आलेला. वऱ्हाडी बोलणं माझ्या कानाला तेव्हा ढेकळासारखं लागे. आमची गाठ पडली ती मोडीमुळे. पाद्रीबुवांचा हात मोडीचा आणि पाद्रीसाहेबांना वाचता येई ते फक्त बाळबोध, म्हणजे देवनागरी. दर हंगामाला मंडळीची खबर साहेबांकडे आणि तिथून बिशपसाहेबांकडे जायची. ती बाळबोधीत उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

काय खबर असायची ती! “यंदा मृगाने दगा दिला, आर्द्राने सावरलं. एका लेकराचा बाप्तिस्मा झाला. रविवारी वेचणी असल्यामुळे प्रार्थनेला मी व माझी बायको, असे दोघे. बायको शेवटपर्यंत बसली नाही.”

“अहो, बिशपसाहेबांना मृग-आर्द्रा काय कळणार?” मी विचारलं.

“नाई कळलं त इचारतीन.”

“आणि बायकोचं हे लिहायलाच हवं का?”

“बसली नाई ना पन? मंग लिवा.”

मी लिहिलं. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही फारसे दिसले नाहीत.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जन्मभर उन्हाची पर्वा न केलेला माणूस छत्री घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहू लागला. अशा ऐन तेजीत बिशपसाहेबांचं पत्र आलं: त्या देशात भाऊ भावाला मारतो आहे, तरी सर्व मंडळ्यांनी ती लढाई थांबावी म्हणून प्रार्थना करावी.

दुसरा कोणी असता तर त्याने हे पत्र घरात वाचलं असतं. यांनी कडुलिंबाखाली, भर बाजारात, कापसाच्या गाड्यांसमोर ती प्रार्थना मोठ्याने म्हटली.

“अबे, हा बुढा भाव पाडून राहिला!” गाडीवरून कोणी तरी ओरडलं.

आता गंमत पाहा. ज्या देवाकडे इतक्या वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्या ताकदीवर सगळ्या बाजाराचा एका दिवसात विश्वास बसला. लोक येऊन विनवू लागले. बाकी सगळं म्हणा, पाऊस मागा, पाप धुवा, तेवढी लढाईची ओळ गाळा. पाद्रीबुवांचं उत्तर एकच असे: “मांगनं आपलं, देनं त्याचं.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पाच कोसांवर त्यांची बहीण होती. विधवा, एका मुलीची आई. भाऊ ख्रिस्ती झाला तेव्हा तिने बोलणं टाकलं होतं. कापसाची गाडी घेऊन ती बाजाराला येऊ लागली, तसं हळूहळू ते पुन्हा सुरू झालं. आधी ओसरीखाली गाडी उभी राहिली, मग चार शब्द, आणि एक दिवस तिने सांगून टाकलं, “दादा, जेठात पोरीचं लगन हाय. तिच्या पाठीशी मामा म्हनून तूच उभा राहाचं. भाऊबंदाले मी पाहून घेईन.”

अंतरपाट धरला की नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो, आणि ती जागा दुसऱ्या कुणाची नसते, हे तुम्हाला सांगायला नको. पाद्रीबुवा त्या दिवशी दोनदा माझ्या शाळेत आले. एकदा ही बातमी सांगायला आणि एकदा नवं उपरणं दाखवायला. त्या हंगामाच्या खबरीत सगळ्यांत वर हीच ओळ होती.

मग लढाईची ओळ बहिणीच्याही कानावर गेली. लग्नासाठी राखलेला कापूस तिने अजून विकला नव्हता, घरात छतापर्यंत रचून ठेवला होता. ती आली आणि ओसरीवर न टेकता म्हणाली, “दादा, लगन होऊ दे, मंग माग काय मागाचं ते. भाऊबंद म्हनते, भाव पाडनारा मांडवात नको. मी कोनाकोनाशी भांडू?”

ती गेल्यावर मी त्यांना समजावलं. “एवढी एक ओळ मनात म्हणा. देवाला मनातलंही ऐकू जातं, असं तुम्हीच सांगता ना?”

ते ओसरीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, “मनात त मी भाव चढाचंच मांगतो, पंतोजी. भाचीचं लगन हाय. म्हनून त हे तोंडानं म्हना लागते.”

पुढच्या बाजाराला त्यांनी ती ओळ नेहमीच्याच आवाजात म्हटली.

चैत्र संपता संपता साहेबांचं पत्र आलं: लढाई आटोपत आली आहे, आभाराची प्रार्थना तयार ठेवावी. पाद्रीबुवांनी पत्राची घडी केली आणि तसेच भर उन्हात पाच कोस चालत बहिणीच्या गावी गेले. चावडीवर उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं, कापूस विकून टाका, भाव राहणार नाही. गाव पोट धरून हसलं. म्हणे, प्रार्थनेनं भागलं नाही म्हणून बुढा आता दारोदार फिरून राहिला!

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. “त्याचं मांगनं मले पटत नाई,” ती म्हणाली, “पन तो खोटं बोलत नाई.” दुसऱ्या सकाळी तिने सगळा कापूस भरून बाजाराला गाडी जुंपली.

शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात. मी तर ते पत्र स्वतः वाचलं होतं, तरी तेजी पाहून घेतलेले माझे कापसाचे दोन बोजे तसेच घरात ठेवले. ते नंतर कवडीमोलाने गेले. भाव असा कोसळला की विचारू नका.

गावाला आता कोणावर तरी राग काढायचाच होता. भाऊबंदांनी निरोप धाडला: तो मांडवात आला, तर आम्ही पानावर बसणार नाही. बहीण काही बोलायच्या आधीच पाद्रीबुवांनी तिला कळवलं, मी येत नाही म्हणून.

पुढे त्यांना अमरावतीला धाडलं आणि तिथेच ते वारले. मी मातीला पोचू शकलो नाही. त्यांची आठवण निघाली की मला ते लग्नच दिसतं.

गोरज मुहूर्त होता. “लांबून पाहू,” म्हणून ते मला घेऊन गेले. आम्ही गल्लीच्या तोंडाशी एका सोडलेल्या गाडीच्या आडोशाला बसलो. मांडवात मुलीला आणलं. एक चुलतभाऊ मामा म्हणून उभं राहायला पुढे सरकला. बहिणीने त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली बसवलं. मग मुलीचे खांदे धरून तिला जरा वळवलं. मुलीची पाठ थेट गल्लीकडे झाली.

अंतरपाट धरलेले जोशी खोळंबले. “मामा कुठे आहे?”

“हाय ना,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “थोडा मांगं उभा हाय. तुमी म्हना.”

मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. पाद्रीबुवा उठले, उपरणं सारखं केलं आणि गाडीच्या आडून बाहेर आले. भाचीच्या पाठीशी, पन्नास पावलांवर, मंगलाष्टकं संपेपर्यंत ते ताठ उभे होते.