शुंगूचा दादा

शुंगू हे तिचं खरं नाव नव्हे. आमच्यात खरं नाव कुणालाच नव्हतं. गोऱ्यांच्या सरकारशी लढायला सरहद्द ओलांडून मोझांबिकात झान्ला या आमच्या मुक्तिसेनेत दाखल झालं, की पहिल्याच दिवशी कमांडर बजावायचा, नाव विसरा, गाव विसरा आणि देवक तर ओठांवरही आणू नका. एक जण पकडला गेला तर दुसऱ्याच्या घरादाराची राख व्हायला नको. आम्हा शोना लोकांत माणूस देवकानंच ओळखला जातो; ते लपवायचं म्हणजे फारच झालं, पण आम्ही लपवलं.

शुंगू मिशनच्या शाळेतून पळून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. चार वर्षं तिनं डोक्यावरून सुरुंग आणि काडतुसांच्या पेट्या सरहद्दीपार वाहिल्या. अंगानं काडी, पण पुरुष दमून बसले की ही त्यांची टर उडवणार. "उठा आजोबा, काठी आणून देऊ का?" भीडभाड म्हणून नाही. तिच्याबरोबर चालताना मला ओझं हलकं वाटायचं, हे आजही कबूल करते.

आमच्या तुकडीत बझूका होता. नाव खांद्यावरच्या तोफेचं आणि बोलणं शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. झाडावर चढून टेहळणी करण्यात मात्र पटाईत. गावकरी बकरं कापून मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा आणि रस्सा आणायचे, तेव्हा बझूका आपल्या वाट्याचा काळजाचा तुकडा गुपचूप बाजूला सारायचा. शुंगूनं ते पाहिलं आणि त्या दिवसापासून ती त्याला 'दादा' म्हणायला लागली. आम्हाला वाटलं, थट्टा करतेय.

एकोणऐंशी साल सरता सरता युद्धबंदी झाली, आम्ही सगळे छावणीत जमलो. लढाईत प्रेमाला सक्त बंदी होती. ती उठल्यावर चौथ्याच दिवशी बझूकानं तिला लग्नाचं विचारलं. "दादा, असलं काही बोलू नकोस," म्हणाली आणि माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. सुरुंग वाहताना न रडलेली बाई!

"अगं, आवडत नाही तर रडतेस कशाला?" मी म्हटलं.

"आवडतो म्हणून तर रडतेय, बावळट!"

मग तिनं सांगितलं. तिचं देवक मोयो, म्हणजे काळीज. ज्याचं जे देवक, ते तो खात नाही. बझूकाही खात नाही म्हणजे तोही मोयो. एका देवकाची माणसं भाऊबहीण. त्यांचं लग्न आमच्यात होत नाही.

"मग विचार ना त्याला सरळ."

"आणि तो हो म्हणाला तर? आज निदान नक्की माहीत तरी नाही."

आठवड्याभरानं खरी नावं लिहून घ्यायला सुरुवात झाली. झाडाखाली टेबल, त्यामागे आमच्यातलाच एक चष्मेवाला, पूर्वीचा मास्तर. काय हसलो त्या दिवशी! 'भूकंप' नावाचा धिप्पाड गडी ऑगस्टीन निघाला. बझूकाची पाळी आली तेव्हा शुंगूनं माझा दंड असा आवळला की वळ उठले.

"नाव?" मास्तरनं विचारलं.

"झेफानिया."

"देवक?"

"सोको."

सोको म्हणजे वानर. रांगेत एकच हशा पिकला. "तरीच! तरीच लेकाचा झाडावरनं उतरत नव्हता!"

शुंगू हसली नाही. रांग मोडून तरातरा त्याच्यापुढे गेली. "मग काळीज का खात नव्हतास रे?"

त्यानं मान खाली घातली. "तू खात नव्हतीस. तुझं मोयो असणार, हे मी ओळखलं होतं. तुझ्यासमोर तेच चावत बसायचं बरं वाटेना."

"अरे गाढवा! दोन वर्षं मी तुला दादा म्हणतेय!"

"मला वाटलं, मी थोराड दिसतो."

मास्तरनं चष्मा काढून डोळे पुसले. आम्ही तर पोट धरून खाली बसलो. मला जेवढा आनंद झाला, तेवढा युद्ध संपल्याचासुद्धा झाला नव्हता.

आमच्यात बायको नवऱ्याचे आभार मानते ते त्याच्या देवकाच्या नावानं. कुणापुढे न वाकणाऱ्या शुंगूनं सगळ्यांदेखत गुडघे टेकले, ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "उपकार झाले, सोको."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी कुणाला देवकानं मारलेली ती पहिली हाक होती. झेफानियाला रडू आवरेना, आणि रांगेत कुणालाच.