हातमोज्याची तपासणी

आदिलाबादेत आमच्या पेंटरच्या दुकानात चित्रं कमी आणि चित्रांवर बोलणारे मोठे लोक जास्त. त्यामुळे किस्से रंगाच्या डब्यांसारखे साचतात. झाकण काढलं की वास येणारच!

मी इंटर, म्हणजे बारावी, सोडून तिथं बोर्ड रंगवत होतो. एक दिवस मामाची पोरगी वनिता कागद घेऊन आली. पेन्सिलनं काढलेला लेसचा हातमोजा! शेजारच्या ख्रिस्ती नर्सबाईंनी लग्नात घातलेला. मी नाक लावून पाहिलं, तर पोरीनं धागा काढलाच नव्हता. नुसती भोकं काढली होती! मधला कोरा कागद तोच धागा. अंगठ्यापाशी ती भोकं इतकी बारीक होत गेलेली की मी नाक आणखी जवळ नेलं.

"फुंकू नको दादा, उडून जाईल!" वनिता म्हणाली.

चित्र हैदराबादच्या आर्ट कॉलेजात पाठवायचं होतं. त्यासाठी चित्राच्या मागं बापाची सही हवी : पोरीनंच काढलं म्हणून.

*

आमचे उस्ताद म्हणजे तीस वर्षं ब्रश धरलेला माणूस. पाहून म्हणाले, "हात कुटं गेला?"

"उस्ताद, हातमोजा आहे."

"मंग रिकामा काऊन? दोन बांगड्या तरी घालायच्या!"

*

शाळेतले ड्रॉइंगचे सर आले. चष्मा पुसला. "शेडिंग छान. पण खाली नाव लिही, लोक मच्छरदानी समजतील."

यांनीच आम्हाला पाच वर्षं एकच आंबा काढायला लावला होता!

*

बेज्जूरहून वनिताचे आईकडचे आजोबा आले. जन्म प्राणहिता नदीत मासे धरण्यात गेलेला. म्हणाले, "अंगठ्यापाशी बारीक विणलं, बेस केलं. जाळं तिथंच फाटते."

सगळ्या म्हाताऱ्यांत एकच शहाणा निघाला, आणि त्याला ते चित्र आहे हेच ठाऊक नव्हतं!

*

मामा तहसील कचेरीत कारकून. सख्ख्या पोरीचं चित्र हातात घेऊन विचारतो, "असल आहे का नक्कल?"

"बाबा, मी काढलं!"

"छापल्यावाणी दिसून राह्यलं. तसदीक, म्हंजे पडताळणी झाल्याबिगर मी दस्तखत करत नाही."

आणि अंगठ्याला थुंकी लावली, घासून पाहायला! मी ओरडलो, "मामा!"

मामानं थुंकी पायजम्याला पुसली. कागद उलटा केला आणि मागून बोट फिरवू लागला. पेन्सिलचा दाब बोटाला लागत होता. एक भोक, दुसरं भोक, अंगठ्यापर्यंत. मग पेन काढला.

एरवी मामाची सही म्हणजे तीन कार्बन पेपरांतून आरपार उमटणारी! वनितानं कागद घेतला, पालटला, पुन्हा पालटला.

"बाबा, सही?"

"केली ना!"

आम्ही कागद उन्हात धरला, तेव्हा दिसली : मागं, दोन भोकांमधल्या धाग्याएवढी बारीक, जराही न दाबता केलेली.