दादाने पुढे सारलेला प्याला

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच गिरणीतला तांदूळ निवडत होते. पुतण्या फिलिप एवढंच म्हणाला, "आत्या, पप्पा गेले." मी "बरं" म्हणाले आणि उरलेला तांदूळ निवडून संपवला. अशा वेळी माणूस काय करील याचा नेम नाही... आता सहा आठवडे झाले. रडू मात्र अजून वेळीअवेळी येतं.

शमुवेलदादा माझा थोरला भाऊ. विंझरला त्याची भातगिरणी होती. तरुणपणी तो भयंकर प्यायचा. वहिनी दोनदा माहेरी निघून गेली. तिसऱ्यांदा ती पिशवी भरत असताना त्याने देवापुढे गुडघे टेकले आणि दारू सोडली, ती शेवटपर्यंत, बारा वर्षं. पण सोडली म्हणजे सुटली असं नसतं. सुगीत भात भरडून झाल्यावर लोक प्रेमाने बाटली पुढे करायचे. दादा म्हणायचा, "पाव्हनं, त्यापरीस वालाच्या शेंगा आना की." दर रविवारी तो एसटीने नसरापूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीने भोरला उपासनेला यायचा. गाडी बदलायच्या जागी नेमकं दारूचं दुकान. तो त्याकडे पाठ करून खड्या आवाजात गीत म्हणत उभा राहायचा. सूर असा, की दुकानातलं गिऱ्हाईकही पळावं!

आमची चर्चची मंडळी लहान, जुन्या वळणाची. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडली जाते आणि खऱ्या द्राक्षारसाचा एकच प्याला हातोहात फिरतो. तो भरायचं काम आईच्या मागे माझ्याकडे आलं. दादा भाकर घ्यायचा, प्याला मात्र ओठाला न लावता शेजाऱ्याकडे सारायचा. मनात पाप ठेवून प्याला घेऊ नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे लोक कुजबुजायचे, याचं काहीतरी लपलेलं असणार. खरं सांगते, मलाही तसंच वाटायचं.

चार वर्षं मी गप्प राहिले. मग एकदा चर्चच्या पायरीवरच त्याला गाठलं.

"दादा, कुठलं पाप लपवतोयस? लोकांत मान खाली जाते माझी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. उलट हळूच म्हणाला, "एस्तू, पाप म्या कवाच कबूल केलंय. पर ह्या नाकाला आजून कळलं न्हाई. प्याला जवळ आला की वासानं तोंडाला पानी सुटतं. देवाचा म्हनून हातात घेतला आन भट्टीचा म्हनून प्यालो, तर?"

देवाजवळ राहायचं म्हणून हा माणूस देवाचाच प्याला दर महिन्याला सोडत होता, आणि वर लोकांचं ऐकून घेत होता.

प्याल्यात काळ्या मनुका उकळून त्यांचं पाणी घालता आलं असतं. कित्येक मंडळ्यांत तसंच करतात. मी मंडळीच्या पंचांपुढे एकदा विषय काढला. "एकट्यासाठी चाल मोडायची व्हय, बाई?" एक वडीलधारे म्हणाले, आणि मी गप्प बसले. भावासाठी भांडते असं कुणी म्हणू नये, एवढीच माझी भीती! तोंडाने मी एरवी कुणाला हार जात नाही. तिथे मात्र आठ वर्षं शहाण्यासारखी वागले.

जुन्या दारूने दादाचं यकृत खाल्लंच होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी कुणालाही न विचारता मनुका उकळल्या, गाळल्या आणि थर्मासात भरून पाळकसाहेबांना सोबत घेऊन गेले. त्यांनी भाकर मोडली, प्रार्थना केली. मी झाकणात ओतलं. दादाने आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

"मनुका आहेत रे. नुसत्या उकळलेल्या."

फिलिपने पाठीला आधार दिला. दादाने झाकण दोन्ही हातांनी धरलं, डोळे मिटले आणि थेंब न ठेवता पिऊन टाकलं. मग माझ्याकडे वळून, अगदी नवल वाटल्यासारखं म्हणाला, "एवढंच हुतं व्हय, एस्तू?"

त्यात तक्रार नव्हती, तेच सोसत नाही. दोन दिवसांनी तो गेला.

आता चाल बदलली आहे. पंचांनी स्वतःहून सांगितलं, कुणीच विरोध केला नाही. पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी मी मनुका उकळत ठेवते आणि घरभर गोड वास पसरतो. बारा वर्षं माझा भाऊ मोहाशी एकटा लढला. त्यातली आठ त्याला एकटं ठेवणारी मी होते, आणि प्याला माझ्याच हातात होता.