कोतवालाने दिलेली केस

करडीच्या रुखमाला माणसं ओळखता येत नव्हती, असं म्हणणारे म्हणोत. ज्याच्याशी संसार मांडला त्याला कोणी पारखत बसतं का?

तिचा नवरा सुखराम गावचा कोतवाल. आणीबाणीत वरून हुकूम आला, कुटुंब नियोजनाच्या केसेस आण, नाहीतर नोकरी गेली समज. नेमकी तेव्हाच रुखमा दवाखान्यात बाळंत झाली, पहिलटकरीण. ती ग्लानीत पडलेली असताना या बहाद्दराने घरातलीच केस दिली. नर्सने तांबी बसवली. रुखमाला ना कोणी विचारलं, ना सांगितलं.

ते पोर वर्षाच्या आतच तापाने गेलं. पुढे दिवस राहीनात. कोणाची ओटी भरायची असली की बाया रुखमाला मागे बसवू लागल्या. सख्ख्या भाचीच्या वेळी तर सुखरामच म्हणाला, "तू नोको जाऊ वं पुढं. बाया बोलतीन." सासू सत्यभामाबाई दुसरी सून आणायची गोष्ट काढी, आणि हा मुकाट जेवत राही. रुखमाला उलट त्याचीच कीव यायची. आपल्यापायी बिचाऱ्याला बाप होता येईना, म्हणून ती उपास धरायची.

धानाच्या रोवणीत वाकलं की पोटात कळ उठायची. एका साली ती बांधावरच आडवी झाली. भंडाऱ्याला नेलं, पोटाचा फोटो काढला, पोट उघडलं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी वाटीत तांबी दाखवली. गर्भाशय फोडून आतड्याला चिकटली होती. "कधी बसवली होती?"

रुखमाने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. कळायचं ते तिला कळलं.

"तुमाले मालूम होतं?"

"पोरगं गेल्यावर नर्सबाईले इचारलं होतं मी. रोवणी करनाऱ्या बायांची तांबी चिखलात पडूनच जाते म्हणे. मले वाटलं, पडली असंल."

"मंग मले सांगाले काय झालं होतं? लोकं मले वांझ म्हणत होते. तुमी आयकत होते!"



संध्याकाळी सासू डबा घेऊन आली. "काय निंगालं रे पोटातून?"

रुखमा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. एवढं एक तो खरं बोलला असता, तर मागचं सारं तिने गिळलं असतं.

"गाठ होती, माय," सुखराम म्हणाला.

"पाह्य, मी म्हणतच होती. दोष इच्यातच हाये."

आणि सुखरामने मान हलवली.