अर्ज पोचला नाही

‘बोरी बुद्रुकची? मग आमच्या पावण्यातलीच की तू!’ अर्जावरचं माझं आडनाव वाचून संस्थेचे सचिव म्हणाले आणि त्यांनी शिपायाला माझ्यासाठी खुर्ची आणायला लावली.

बोरीत आमचं आडनाव गावच्या मोठ्या जमीनवाल्यांचंही आहे. ते मराठा, आम्ही बौद्ध. जागा खुली होती म्हणून प्रवर्गाच्या रकान्यात मी ‘खुला’ लिहिलं होतं. ते नियमात बसतं. पण सचिवांचा गैरसमज झालाय, हे मला त्याच क्षणी कळलं. कळूनही मी त्या खुर्चीत बसले.

बी.कॉम. होऊन दीड वर्ष झालं होतं. पाठवलेल्या अर्जांची यादी मी वहीत ठेवायची. तारीख, ठिकाण, पोस्टाची पावती, उत्तर. उत्तराचा रकाना खालपर्यंत कोरा. हा एकोणिसावा अर्ज, शिक्षणसंस्थेत लेखनिकाच्या एका जागेसाठी.

‘अक्षर झकास हाय,’ सचिव म्हणाले. ‘जागा तुझीच धर. आता जरा कामाला लाग. हे बाकीचे अर्ज लाव.’

मी तारखेप्रमाणे लावायला घेतले.

‘तसं नाय. जातीचा रकाना बघ. ती लोकं एका बाजूला काढ. त्यांना बोलवायचं नाय. इचारायला आलेच तर सांगायचं, अर्ज पोचलाच नाय. सरकारनं लई लाडावून ठेवलेत, आता खुल्यात बी घुसाया निघालेत.’

शिपाई हसला. माझ्यासमोर चहा आला. मी प्यायले.

सात अर्ज निघाले. कडा जुळवून मी त्यांना दोरा बांधला. काम नीट केलं, ही माझी खोड. प्रत्येक अर्जावर फोटो चिकटवलेला. सगळ्यात वरचा दोन वेण्यांच्या मुलीचा. सुजाता, रा. निरगुडसर, बी.ए., प्रथम श्रेणी.

अर्ध्या तासाने तीच मुलगी दारात उभी राहिली. चपला बाहेर काढून. ती मला तिथली कारकून समजली.

‘मॅडम, माझा अर्ज पोचला का? पोस्टाची पावती हाय माझ्याकडं.’

सचिवांनी पेपरातून मान वर केली नाही. ‘सांग गं तिला.’

‘नाही पोचला,’ मी म्हणाले.

‘बरं, मॅडम.’

तिने चपला घातल्या. एका चपलेचा पट्टा लागत नव्हता. वाकून, दोनदा खटपट करून तिने तो लावला आणि गेली. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हटलं होतं.

त्यानंतर किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी उठले. टेबलावरून माझा अर्ज घेतला, ‘खुला’ खोडलं, जात लिहिली. तो सातांच्या वर ठेवला.

‘साहेब, सात नाहीत, आठ आहेत. आमचं घर बोरीच्या बुद्धविहारामागं.’

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या कपाकडे.

‘आधी बोलायचं ना. आता जाताना तेवढा कप धुऊन ठेव.’

‘नाही धुणार.’

स्टँडपर्यंत पळत गेले. निरगुडसरची एसटी सुटून गेली होती.

पुढे परीक्षा देऊन मला दुसरीकडे नोकरी लागली. आज मी हेडक्लार्क आहे. माझ्या टेबलावर कागद अडत नाही, असं लोक म्हणतात. पण खिडकीपलीकडून कुणी ‘बरं, मॅडम’ म्हणून वळलं, की माझी नजर त्याच्या पायांकडे जाते. ते सात फोटो अजून ओळीनं दिसतात. सहा जणांची नावं आठवत नाहीत. चेहरे एकूण एक आठवतात.

या वर्षी निरगुडसरला गेले. वस्तीत विचारत विचारत सुजाताचं घर सापडलं. तिची आई एकटीच होती. जयभीम केला आणि लेकीचं विचारलं.

‘चाकणला कंपनीत पॅकिंग करती. अर्ज लई केले व्हते तिनं. एक तर त्या पोस्टमननं हरवला. दोन वर्सं त्याच्याशी बोलले न्हाई मी.’

‘मावशी, त्यानं हरवला नव्हता. संस्थेत पोचला होता. मीच बाजूला काढला आणि तिला तोंडावर नाही म्हणाले. आपल्यातलीच असून.’

त्यांनी पाणी विचारलं नाही.

‘तोंडानं नगं सांगूस,’ त्या म्हणाल्या. ‘कागदावर लिहून दे. लेकीला दावते.’

तेच हे लिहिलं आहे. तीन प्रती काढल्यात. एक सुजाताच्या आईला. एक त्या पोस्टमनला, तो असेल तिथं शोधून. तिसरी घेऊन मी सोमवारी त्या संस्थेच्या कार्यालयात जाणार आहे. तिथं आता कोण बसतं, मला माहीत नाही. त्यांनी कागद घेतला तर ठीक. नाही घेतला, तर दारात उभी राहून मोठ्यानं वाचेन. सुरुवात माझ्या पूर्ण नावापासून.