नसलेला आठवा मजला

माझ्या सुनेला ऑफिसात ‘पणबाई’ म्हणायचे. सगळ्यांनी माना डोलावून झाल्या की ही म्हणणार, ‘पण...’ घरात आली तेव्हा माझ्या पहिल्याच सूचनेवर तिने ‘पण’ काढला होता. मला राग आला, आणि पोरगी आवडलीही.

ती लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिते, सी भाषेत. एका दवाखान्यात नवी लिफ्ट बसवायची होती. प्रोग्रॅम तिच्या साहेबांनीच पूर्वी लिहिलेला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो निमूट चालायचा. लिफ्टच्या बोर्डावर, म्हणजे लिफ्टमधल्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चढवला, तर लिफ्ट कुणी न बोलावता सातव्या मजल्याच्याही वर जाऊ बघायची आणि दार बंद करून अडून बसायची. इमारत सातव्यालाच संपते. चाचणीत फिटर आत अडकला, तो शिव्या घालतच बाहेर आला.

साहेबांचं निदान तयार होतं: आपल्याकडे चालतं, म्हणजे बोर्ड खराब. तसा अहवाल हिने सही करून द्यायचा. हिची नोकरी कराराची, आणि करार संपत आलेला. माझा मुलगा म्हणाला, करून टाक सही, तुझं काय जातंय. मी त्याला गप्प बसवलं आणि हिला म्हटलं, नीट सांग, भानगड काय आहे.

तिने सांगितलं: प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मजल्याचा एक खण. खणात शून्य म्हणजे तिथून कुणी बोलावलेलं नाही. तळमजल्याचा खण शून्य नंबरचा, शेवटचा सात नंबरचा. प्रोग्रॅम मात्र पुढे आठ नंबरच्या खणातही हात घालत होता, जो नाहीच. सी भाषा असा हात अडवत नाही. शेजारी जे पडलं असेल ते उचलून देते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिथे शून्य असायचं, बोर्डावर भलतंच काही, म्हणून लिफ्टला वाटायचं, आठव्यावरून कुणी बोलावतंय.

‘म्हणजे चूक दोन्हीकडे होती, एकीकडे पचत होती इतकंच,’ मी म्हटलं.

‘हो आई. पण साहेबांना ते ऐकायचं नाहीये.’

‘मग दाखव.’

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या शेजारच्या जागेत मुद्दाम शून्याऐवजी दुसरा आकडा ठेवला आणि फिटरलाही बोलावून सगळ्यांसमोर प्रोग्रॅम चालवला. पडद्यावरची लिफ्ट थेट आठव्याकडे निघाली.

‘चालता प्रोग्रॅम बिघडवलात तुम्ही,’ साहेब म्हणाले.

‘बिघडलेलाच होता, सर. नशिबावर चालला होता. मी फक्त नशीब काढून घेतलं.’

फिटर खो खो हसला. त्याने ते नशीब आतून पाहिलं होतं.

सही तिने केली नाही. प्रोग्रॅममधली ती चुकीची ओळ दुरुस्त केली, बोर्डावर प्रोग्रॅम चढवला आणि दवाखान्यात जाऊन स्वतः लिफ्टमध्ये बसून वरखाली फिरली. करार काही वाढला नाही. मुलगा आठवडाभर तोंड पाडून होता. ही दुसरीकडे मुलाखती देत फिरली आणि रुजूही झाली.

गुडघ्यांसाठी मी त्याच दवाखान्यात जाते. परवा लिफ्टमध्ये साहेब भेटले, पूर्वी एकदा हिच्या ऑफिसात ओळख झालेले. ओळख दिली नाही त्यांनी. मी सातव्याचं बटण दाबलं आणि विचारलं, ‘तुम्हाला आठव्यावर जायचंय का?’